क्यूटीमध्ये स्क्रीनच्या कोडमधून मॉडेलमधली नोंद थेट कशी घ्यायची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्यूटी म्हणजे ॲप बनवण्यासाठीची सी++ लायब्ररी. तिच्या मॉडेल-व्ह्यू पद्धतीत (माहिती मॉडेलकडे, ती दाखवण्याचं काम व्ह्यूकडे) नव्याने शिरलेल्यांकडून, आणि जुन्यांकडूनही, जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. उदाहरण सगळीकडे एकच ठेवलं आहे: एका सार्वजनिक वाचनालयाचं ॲप. त्यात पुस्तकांचं मॉडेल आहे आणि प्रत्येक पुस्तकाला दाखल क्रमांक, नाव, लेखक आणि परत येण्याची तारीख आहे. वर्गांच्या नावांपुढचा क्यू गाळला आहे आणि फंक्शनची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. आवृत्तीचा वेगळा उल्लेख नसेल तिथे उत्तर क्यूटी ५.१५ आणि क्यूटी ६ दोन्हींना लागू आहे.

१. स्क्रीनच्या कोडने मॉडेलला थेट हात लावू नये असं शिकवलं जातं. मग बटण दाबल्यावर माहिती आणायची तरी कुठून?

मॉडेलकडूनच आणायची. हा नियम अर्धवट ऐकलेला आहे. ट्रिग्वे रीन्सकाउग यांनी १९७९ मध्ये झेरॉक्स पार्कमध्ये मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलरची कल्पना मांडली, तेव्हापासून व्ह्यूने मॉडेलला प्रश्न विचारून माहिती घ्यावी हेच अपेक्षित आहे. बंदी आहे ती उलट दिशेला: मॉडेलला स्क्रीनची ओळख असू नये. क्यूटी ४ ने २००५ मध्ये व्ह्यू आणि कंट्रोलर एकत्र केले आणि सोबत डेलिगेट (एकेक नोंद रंगवणारा भाग) आणला, पण ही दिशा बदलली नाही. (रीन्सकाउग नॉर्वेचे आणि क्यूटी बनवणारी ट्रोलटेकही ओस्लोची. योगायोग असेल, पण गमतीचा आहे.)

गोंधळ होतो कारण ‘थेट’ म्हणून लोक तीन वेगवेगळ्या गोष्टी करतात. पहिली, इंडेक्स (नोंदीची जागा, प्रश्न २) आणि रोल (माहिती कोणत्या रूपात हवी ते, प्रश्न ४) देऊन मॉडेलच्या डेटा() फंक्शनला विचारणं. यात काहीच वावगं नाही. दुसरी, मॉडेलच्या पोटातल्या यादीचा पॉइंटर बाहेर काढून त्यात परस्पर बदल करणं. हे आज चालतं आणि पुढच्या महिन्यात अंगाशी येतं (प्रश्न ९). तिसरी, मॉडेलला न विचारता पडद्यावरच्या चौकटीतला मजकूर वाचणं. हे करूच नका (प्रश्न १२).

२. मॉडेल इंडेक्स म्हणजे ओळीचा नंबरच ना? मग नुसता नंबर का देता येत नाही?

इंडेक्समध्ये चार गोष्टी असतात: ओळ, रकाना, मॉडेलने स्वतःसाठी ठेवलेली एक खूण (पॉइंटर किंवा आकडा) आणि आपण कोणत्या मॉडेलचे आहोत याची नोंद. शेवटच्या दोन गोष्टींमुळे तो नुसत्या नंबरपेक्षा वेगळा ठरतो. एकाच ओळीचा नंबर मूळ मॉडेलमध्ये एका पुस्तकाचा असतो आणि प्रॉक्सीमध्ये (मूळ मॉडेल आणि व्ह्यू यांच्या मध्ये बसून ओळी गाळणाऱ्या, क्रम लावणाऱ्या मॉडेलमध्ये) दुसऱ्याच. नंबर हे सांगू शकत नाही, इंडेक्स सांगतो.

इंडेक्स म्हणजे दवाखान्याच्या रांगेतला तुमचा क्रम. पुढचा माणूस कंटाळून घरी गेला की तो क्रम बदलतो, म्हणून तो लिहून ठेवून उद्या वापरता येत नाही. इंडेक्स मिळवा, लगेच वापरा, सोडून द्या.

३. टेबलमध्ये निवडलेल्या पुस्तकाचा दाखल क्रमांक बटणाच्या स्लॉटमध्ये (बटण दाबल्यावर चालणाऱ्या फंक्शनमध्ये) कसा मिळवायचा?

व्ह्यूचं सिलेक्शन मॉडेल घ्या, त्यावर सिलेक्टेड-रोज() बोलवा आणि दाखल क्रमांकाचा रकाना त्याला द्या. मिळालेल्या प्रत्येक इंडेक्सवर डेटा() बोलवलं की काम झालं. एकच ओळ निवडता येत असेल तर यादीतला पहिलाच घ्या. यादी रिकामी असू शकते, ते आधी तपासा.

इथे दोन खाचखळगे आहेत. सिलेक्टेड-रोज() फक्त अशाच ओळी देतं ज्यांचे सगळे रकाने निवडलेले आहेत. टेबल व्ह्यूमध्ये मुळात एकेक चौकट निवडली जाते, म्हणून वापरणाऱ्याने फक्त नावाच्या चौकटीवर क्लिक केलं तर तुमच्या हाती रिकामी यादी येते. व्ह्यूची निवडण्याची पद्धत ‘पूर्ण ओळ’ अशी करा. दुसरं म्हणजे, करंट-इंडेक्स() आणि निवड या एकच गोष्टी नाहीत. करंट म्हणजे जिथे फोकस आहे ती चौकट. कंट्रोल दाबून निवड काढली तरी फोकस तिथेच राहतो. ‘काहीच निवडलं नव्हतं तरी पुस्तक डिलीट झालं’ अशा तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथे सापडतं.

क्लिक झालेला इंडेक्स हाती असेल आणि त्याच ओळीतला दुसरा रकाना हवा असेल तर सिब्लिंग-ॲट-कॉलम() वापरा. ते क्यूटी ५.११ पासून आहे. रो काढून पुन्हा मॉडेलकडून इंडेक्स बनवण्यापेक्षा हे बरं, कारण झाडासारख्या मॉडेलमध्ये नुसता रो नंबर पुरत नाही (प्रश्न ८).

४. डेटा() कधी तारीख देतं तर कधी नुसता मजकूर. आणि कधी काहीच देत नाही. असं का?

रोलमुळे. एकाच चौकटीची माहिती मॉडेल वेगवेगळ्या रूपांत देतं. डिस्प्ले रोलला (किंमत ०) ‘१२ मे’ असा दाखवायचा मजकूर येईल, एडिट रोलला (किंमत २) खरीखुरी तारीख. हिशोबासाठी, तुलनेसाठी, डेटाबेसमध्ये शोधण्यासाठी डिस्प्ले रोल कधीही वापरू नका. ‘१२ मे’ या मजकुरावरून विलंब शुल्क काढायला गेलात तर पुढच्या वर्षी ॲप मोडेल, आणि कोणी डिस्प्लेचं रूप ‘१२/०५’ केलं तर त्याच दिवशी मोडेल.

‘काहीच देत नाही’ यामागे बहुधा न दिलेल्या रोलची वेगवेगळी किंमत असते. रोल न देता इंडेक्सवर डेटा() बोलवलं तर डिस्प्ले रोल धरला जातो. कॉम्बो बॉक्सच्या आयटम-डेटा() आणि करंट-डेटा() मध्ये यूजर रोल म्हणजे २५६ धरला जातो. स्टँडर्ड आयटमच्या डेटा() आणि सेट-डेटा() मध्ये मात्र यूजर रोल अधिक १ म्हणजे २५७. म्हणून स्टँडर्ड आयटमवर रोल न देता दाखल क्रमांक ठेवला आणि ते मॉडेल कॉम्बो बॉक्सला लावून करंट-डेटा() विचारलं, तर रिकामं उत्तर येतं आणि अख्खी दुपार जाते. रोल नेहमी स्वतः लिहा, आणि आकडा न लिहिता ईनमचं नाव लिहा.

५. शोधाच्या चौकटीत काही टाइप केलं की यादी बरोबर गाळली जाते, पण डबल क्लिक केल्यावर भलतंच पुस्तक उघडतं!

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे. तुमच्या व्ह्यूला मूळ मॉडेल नाही, सॉर्ट-फिल्टर प्रॉक्सी लावलेला आहे. डबल क्लिकच्या सिग्नलमधून (काही घडल्याची क्यूटीने पाठवलेली सूचना) येणारा इंडेक्स प्रॉक्सीचा असतो. तुम्ही त्याचा रो काढता आणि मूळ यादीत त्या क्रमांकाचं पुस्तक शोधता. गाळणी लावलेली नसताना आणि क्रम बदललेला नसताना दोन्ही क्रमांक जुळतात, म्हणून चाचणीत सगळं ठीक वाटतं. ग्रंथपालाने ‘क’ टाइप केलं की पडद्यावरची तिसरी ओळ मूळ यादीतली तीनशेवी असू शकते.

नुसती माहिती वाचायची असेल तर प्रॉक्सीच्या इंडेक्सलाच डेटा() विचारा, तो मूळ मॉडेलपर्यंत प्रश्न पोचवतो. मूळ मॉडेलचं स्वतःचं एखादं फंक्शन वापरायचं असेल (समजा, पुस्तक परत घेणारं) तर आधी मॅप-टू-सोर्स() करा आणि त्या इंडेक्सचा रो द्या. उलट दिशेने, म्हणजे मूळ मॉडेलमध्ये सापडलेली ओळ पडद्यावर निवडून दाखवायची असेल, तर मॅप-फ्रॉम-सोर्स(). ती ओळ गाळली गेली असेल तर इथे अवैध इंडेक्स येतो, त्यालाही तयार राहा.

प्रॉक्सीवर प्रॉक्सी असेल तर प्रत्येक पायरीला एकदा मॅप करावं लागतं. मधली पायरी गाळून चुकीच्या मॉडेलचा इंडेक्स दिला तर डीबग बिल्ड ‘इंडेक्स चुकीच्या मॉडेलचा आहे’ असं सांगून तिथल्या तिथे थांबतो. हे वरदान समजा. रो नंबर वापरणाऱ्या कोडला असं कोणी थांबवत नाही, तो गुपचूप चुकीचं पुस्तक देतो.

या भानगडीतून कायमचं सुटायचं असेल तर स्क्रीनच्या कोडमध्ये रो नंबर फिरवूच नका. इंडेक्सला दाखल क्रमांक विचारा आणि पुढचं सगळं काम दाखल क्रमांकावर करा. दहापैकी नऊ ठिकाणी मॅप करायची वेळच येत नाही.

६. वापरणाऱ्याने निवडलेला इंडेक्स मेंबर व्हेरिएबलमध्ये ठेवला होता. नंतर कधीतरी ॲप क्रॅश होतं.

इंडेक्स साठवण्यासाठी नाही (प्रश्न २). मध्ये ओळी आल्या-गेल्या की तो जुना होतो, आणि त्यातला पॉइंटर मोकळ्या केलेल्या जागेकडे बोट दाखवत असू शकतो. साठवायचाच असेल तर पर्सिस्टंट मॉडेल इंडेक्स वापरा. ओळी घातल्या, काढल्या, हलवल्या तरी मॉडेल त्याला अद्ययावत ठेवतं, आणि ओळच काढली गेली तर तो अवैध होतो.

तोही सर्वशक्तिमान नाही. मॉडेल रीसेट झालं की सगळे पर्सिस्टंट इंडेक्स अवैध होतात. ‘रिफ्रेश’ बटणामागे रीसेट असेल तर निवड जाणारच. शिवाय मॉडेलला प्रत्येक पर्सिस्टंट इंडेक्सचा माग ठेवावा लागतो, म्हणून हजारोंनी बनवू नका. रिफ्रेशनंतर तीच ओळ पुन्हा निवडायची असेल तर दाखल क्रमांक लक्षात ठेवा आणि नंतर मॅच() ने शोधा (प्रश्न १६).

७. पाच ओळी निवडून लूपमध्ये काढल्या तर तीनच निघतात, त्यातली एक भलतीच.

पहिली ओळ काढली की तिच्याखालच्या सगळ्या एकेक वर सरकतात आणि यादीतले उरलेले इंडेक्स चुकीचे होतात. रो नंबर उतरत्या क्रमाने लावा आणि खालून वर काढत या. सिलेक्टेड-रोज() ची यादी रो-क्रमाने येईल असं गृहीत धरू नका, निवडताना लोक वर-खाली उड्या मारतात.

८. ट्री व्ह्यूमध्ये विषयावर क्लिक केल्यावर त्याखालची पुस्तकं मोजतो, पण कधी बरोबर संख्या येते, कधी शून्य.

शून्य येतं तेव्हा क्लिक पहिल्या रकान्यावर नसतं. झाडासारख्या मॉडेलमध्ये मुलं फक्त शून्याव्या रकान्याच्या इंडेक्सला असतात असा संकेत आहे. वापरणाऱ्याने ‘प्रती’ या रकान्यावर क्लिक केलं तर त्या इंडेक्सला रो-काउंट() विचारून शून्यच मिळणार. आधी सिब्लिंग-ॲट-कॉलम(०) करा, मग मुलं मोजा. तसंच, इंडेक्स बनवताना पालक द्यायला विसरलात तर सगळ्यात वरच्या पातळीवरची ओळ मिळते. एरर येत नाही, उत्तर चुकतं.

९. माझ्या मॉडेलच्या वर्गात ‘या ओळीचं पुस्तक दे’ असं साधं फंक्शन लिहिलं तर चालेल का? प्रत्येक वेळी इंडेक्स, रोल, व्हेरियंट (कुठल्याही टाइपची किंमत धरणारा डबा) नकोसं होतं.

जरूर लिहा. सी++ मध्ये स्वतःचं मॉडेल असताना दर वेळी व्हेरियंटमधून माहिती बाहेर काढणं कंटाळवाणं असतं, आणि टाइपची चूक चालवल्यावरच कळते. फक्त परत काय करता ते महत्त्वाचं. पुस्तकाची प्रत किंवा कॉन्स्ट रेफरन्स द्या. बदलता येईल असा पॉइंटर देऊ नका. तो दिला की स्क्रीनचा कोड परस्पर तारीख बदलतो, मॉडेलला पत्ता लागत नाही आणि मग प्रश्न १० उभा राहतो. रेफरन्स दिलात तर तोही कोडच्या त्या ओळीपुरताच वापरा. वेक्टरमध्ये नवीन पुस्तक आलं आणि जागा हलली की तो लटकतो.

बदलासाठी वेगळं फंक्शन ठेवा, ‘पुस्तक परत घे’ असं कामाचं नाव असलेलं, आणि सिग्नल त्याच्या आतूनच पाठवा. काही जण शुद्धतेच्या हट्टाने सगळं सेट-डेटा() मधूनच जायला हवं म्हणतात. मला तो आग्रह पटत नाही. सेट-डेटा() ही व्ह्यूने वापरायची वाट आहे, तुमच्या कामकाजाची भाषा तिच्यात कोंबायची गरज नाही.

१०. मॉडेलमधली किंमत बदलली आहे, डीबगरमध्ये दिसते, पण पडद्यावर जुनीच. खिडकीवर माउस फिरवला की नवीन दिसते!

डेटा-चेंज्ड सिग्नल पाठवलेला नाही. माउस फिरवल्याने व्ह्यू तेवढा भाग पुन्हा रंगवतो, तेव्हा तो डेटा() विचारतो आणि नवं उत्तर मिळतं. सिग्नलमध्ये बदललेल्या भागाचा वरचा डावा आणि खालचा उजवा इंडेक्स द्या. क्यूटी ५ पासून कोणते रोल बदलले हेही देता येतं, आणि क्यूएमएलमध्ये (स्क्रीन लिहिण्याची क्यूटीची भाषा) त्याचा फायदा दिसतो.

ओळी घालताना बिगिन-इन्सर्ट-रोज() आणि एंड-इन्सर्ट-रोज() यांची जोडी लागते, काढताना त्यांची भावंडं. खरी भर या दोघांच्या मध्येच व्हायला हवी. आधी यादीत भर टाकून मग बिगिन बोलवणं वरवर चालतं, पण प्रॉक्सी लावला की त्याचा हिशोब चुकतो आणि क्रॅश तिसऱ्याच ठिकाणी होतो. व्ह्यूचा अपडेट() बोलवून हे झाकू नका. स्वतःचं मॉडेल लिहिलं असेल तर ॲबस्ट्रॅक्ट आयटम मॉडेल टेस्टर त्याला जोडून ठेवा. क्यूटी ५.११ पासून तो टेस्ट मॉड्यूलमध्ये आहे आणि अशा बऱ्याच गडबडी त्याच क्षणी ओरडून सांगतो.

११. क्यूएमएलच्या लिस्ट मॉडेलवर गेट() चालतं, पण सी++ च्या मॉडेलवर ‘असं फंक्शन नाही’ म्हणतं.

बरोबरच आहे. गेट() हे लिस्ट मॉडेलचं स्वतःचं फंक्शन आहे, सगळ्या मॉडेलांचं नाही. सी++ मॉडेलला क्यूएमएलमधून विचारायचं तर मॉडेलच्या इंडेक्स(रो, ०) ने इंडेक्स घ्या आणि मॉडेलच्या डेटा() ला इंडेक्स व रोल द्या. मॉडेल इंडेक्स क्यूएमएलमध्ये ५.५ पासून वापरता येतो. रोलच्या जागी २५७ असा आकडा लिहिलेला कोड बऱ्याच ठिकाणी दिसतो. ईनमच्या मध्ये कोणी नवीन रोल घुसवला की लेखकाच्या जागी प्रकाशक दिसू लागतो. ईनम क्यूएमएलला उघड करा, किंवा प्रश्न ९ मधल्यासारखं एक फंक्शन इन्व्होकेबल (क्यूएमएलमधून बोलवता येईल असं) करून द्या. मला दुसरा उपाय आवडतो.

एक मोठी मर्यादा: असं फंक्शन बाइंडिंगमध्ये (प्रॉपर्टीला जोडलेल्या, आपोआप पुन्हा मोजल्या जाणाऱ्या सूत्रात) वापरलं तर माहिती बदलल्यावर ते आपोआप पुन्हा चालत नाही. बाइंडिंग प्रॉपर्टीचा माग ठेवतं, फंक्शनच्या उत्तराचा नाही. म्हणून बटणाच्या हँडलरमध्ये हे ठीक, पण सतत दिसणाऱ्या मजकुरासाठी डेलिगेटमधली रोलची प्रॉपर्टीच वापरा. लिस्ट मॉडेलच्या गेट() ने दिलेला ऑब्जेक्टही साठवू नका. मॉडेल बदलल्यावर तो वैध राहील याची हमी नाही.

१२. लिस्ट व्ह्यूमधल्या दहाव्या डेलिगेटमधून मजकूर वाचतो. पन्नासाव्यासाठी मात्र नल येतं. का?

कारण पन्नासावा डेलिगेट बनलेलाच नाही. लिस्ट व्ह्यू पडद्यावर दिसणारे आणि आजूबाजूचे थोडेच डेलिगेट बनवतो, बाकीचे स्क्रोल केल्यावर. आयटम-ॲट-इंडेक्स() (५.१३ पासून) न बनलेल्यासाठी नल देतं. कॅश बफर वाढवून ही भूक भागवणं म्हणजे मेमरी उधळणं. माहिती मॉडेलकडे आहे, तिथे विचारा.

याचाच दुसरा पैलू: चेकबॉक्सची खूण डेलिगेटच्या स्वतःच्या प्रॉपर्टीत ठेवली तर स्क्रोल करून परत आल्यावर ती गेलेली असते. ५.१५ मधला डेलिगेट पुन्हा वापरण्याचा पर्याय चालू असेल तर आणखी वाईट, ती खूण दुसऱ्याच पुस्तकावर उगवते. खूण हाही डेटा आहे. तिला मॉडेलमध्ये रोल द्या आणि डेलिगेटमधून मॉडेलमार्फत लिहा. त्यासाठी मॉडेलचं सेट-डेटा() लिहिलेलं हवं.

१३. डेलिगेटमध्ये एक रिक्वायर्ड प्रॉपर्टी घातली आणि लगेच इंडेक्स सापडेनासा झाला.

हे मुद्दाम तसं केलेलं आहे. ५.१५ पासून डेलिगेटमध्ये एकही रिक्वायर्ड प्रॉपर्टी असली की बाकीची नावं आपोआप आत सोडली जात नाहीत. इंडेक्स हवा असेल तर तोही रिक्वायर्ड म्हणून लिहा, मॉडेल हवं असेल तर तेही.

१४. डेटाबेसमध्ये बारा हजार पुस्तकं आहेत, पण एसक्यूएल मॉडेलचं रो-काउंट() २५६ सांगतं.

तुम्ही बहुधा एसक्यूलाइट वापरत आहात. क्वेरीत एकूण किती ओळी आहेत हे त्याचा ड्रायव्हर सांगत नाही, म्हणून मॉडेल २५६ ओळी आणून थांबतं आणि व्ह्यू खाली सरकला की आणखी आणतं. स्क्रीनच्या कोडने लूप लावला तर त्याला आणलेल्याच ओळी दिसतात. सगळ्या हव्या असतील तर कॅन-फेच-मोअर() खरं आहे तोवर फेच-मोअर() बोलवत राहा. नुसती संख्या हवी असेल तर मात्र मॉडेलच्या नादी न लागता डेटाबेसला मोजणीची वेगळी क्वेरी द्या. सगळ्या ओळी आणून मोजणं हा वेळेचा अपव्यय.

फाइल सिस्टिम मॉडेलचंही असंच काहीसं आहे. ते फोल्डर वेगळ्या थ्रेडमध्ये वाचतं, म्हणून सेट-रूट-पाथ() नंतर लगेच ओळी मोजल्या तर शून्य येऊ शकतं. डिरेक्टरी-लोडेड सिग्नलची वाट पाहा.

१५. टेबल विजेटमध्ये आयटम() थेट मिळतो. मग हा इंडेक्सचा उपद्व्याप हवाच कशाला?

शंभर-दोनशे ओळींच्या एका खिडकीसाठी नकोच. टेबल विजेट, लिस्ट विजेट, ट्री विजेट त्यासाठीच आहेत, त्यांना कमी लेखू नका. पण तीच पुस्तकं दोन खिडक्यांत दाखवायची झाली, किंवा वर गाळणी लावायची झाली, की माहितीच्या दोन प्रती होतात आणि त्या जुळवत बसावं लागतं.

तिथले ठरलेले दोन अपघात सांगतो. ज्या चौकटीत काही ठेवलेलंच नाही तिथे आयटम() नल देतं, आणि त्यावर टेक्स्ट() बोलवलं की क्रॅश. आणि सॉर्टिंग चालू ठेवून ओळ भरायला घेतली तर पहिला रकाना भरताच ओळ उडी मारून दुसरीकडे जाते आणि उरलेले रकाने भलत्या पुस्तकाला लागतात. भरण्याआधी सॉर्टिंग बंद, नंतर चालू. सॉर्ट-फिल्टर प्रॉक्सीमधूनही लूपमध्ये लिहू नका. त्याचा डायनॅमिक सॉर्ट मुळातच चालू असतो आणि तिथेही ओळी तशाच उडतात.

स्टँडर्ड आयटम मॉडेल हा मधला मार्ग. पण आयटम-फ्रॉम-इंडेक्स() ला प्रॉक्सीचा इंडेक्स दिला तर नल मिळतं. कारण प्रश्न ५ मध्ये आहे.

१६. मॅच() ने मराठी नाव शोधतो. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, तरी सापडत नाही.

आधी नेहमीची कारणं तपासा. मॅच() सुरुवातीच्या इंडेक्सच्या रकान्यातच शोधतं, एकच उत्तर देऊन थांबतं आणि मुळात ‘ने सुरू होणारा’ असा शोध घेतं. झाडाच्या आतल्या पातळ्यांवर जायचं तर रिकर्सिव्ह फ्लॅग लागतो. सुरुवातीचा इंडेक्स अवैध असेल तर काहीच मिळत नाही.

हे सगळं ठीक असूनही ‘वाऱ्यावर’ सापडत नसेल तर अक्षरांची साठवण पाहा. यातला ‘ऱ्य’ दोन तऱ्हांनी टाइप होतो: खास ‘ऱ’, हलन्त आणि य, किंवा साधा ‘र’, हलन्त, न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर आणि य. पडद्यावर फरक दिसत नाही, तुलना मात्र फसते. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशनही या दोघांना एक करत नाही. वर्षानुवर्षं वेगवेगळ्या हातांनी भरलेल्या दाखल नोंदवहीत दोन्ही प्रकार असणारच.

उपाय मॉडेलमध्ये करा, प्रत्येक शोधाच्या चौकटीत नाही. ‘शोधासाठीचं नाव’ असा वेगळा रोल द्या. त्यात जॉइनर काढून टाका, ‘ऱ’ चा ‘र’ करा आणि नॉर्मलाइझ केलेला मजकूर परत करा. शोधायचा शब्दही त्याच फंक्शनमधून काढा. मॅच() ला हा रोल द्या, प्रॉक्सीचा फिल्टर रोलही हाच ठेवा.

क्रम लावतानाही अशीच अडचण येते. साधी तुलना युनिकोडच्या क्रमाने होते आणि तिथे ‘ळ’ ‘ल’ आणि ‘व’ यांच्या मध्ये बसतो. म्हणून ‘कळस’ ‘कवच’च्या आधी लागतो, मराठी वर्णमालेप्रमाणे तो नंतर हवा. प्रॉक्सीचा लोकेल-अवेअर सॉर्ट चालू करा. त्याचा निकाल सिस्टिमच्या लोकेलवर ठरतो, म्हणून इंग्रजी लोकेलच्या संगणकावर स्वतः तपासून घ्या. तिथे क्रम हमखास हवाच असेल तर लेस-दॅन() स्वतः लिहावं लागतं.

१७. निवडलेल्या पुस्तकाची सगळी माहिती बाजूच्या फॉर्ममध्ये दाखवायची आहे. प्रत्येक चौकट हाताने भरू का?

नको. डेटा विजेट मॅपर नेमका यासाठी आहे. रकाना आणि चौकट यांची एकदा जोडी लावा, व्ह्यूची करंट ओळ बदलली की मॅपरला कळवा. चौकटीवरून फोकस हलला की तो मुळात बदल आपोआप मॉडेलमध्ये लिहितो. ‘जतन करा’ बटण असेल तर सबमिटची पद्धत मॅन्युअल करा. व्ह्यूला प्रॉक्सी असेल तर मॅपरलाही तोच प्रॉक्सी द्या, म्हणजे मॅपिंगची कटकट नाही.

१८. दुसऱ्या थ्रेडमधून मॉडेल वाचायला तरी हरकत नाही ना?

आहे. मॉडेलच्या फंक्शनांना कुलूप नसतं, आणि रो-काउंट() विचारून डेटा() विचारेपर्यंत मुख्य थ्रेडने ओळ काढलेली असू शकते. दुसऱ्या थ्रेडला लागणाऱ्या माहितीची प्रत आधीच द्या आणि निकाल क्यूड सिग्नलने मुख्य थ्रेडमध्ये आणून तिथेच मॉडेलमध्ये घाला. डेटा() च्या आत म्यूटेक्स घालून काम भागत नाही, कारण व्ह्यूला दोन प्रश्नांच्या मध्येही मॉडेल स्थिर हवं असतं.

१९. पायथॉनमध्ये इंटर्नल-पॉइंटर() वापरून नोंद मिळवतो. छोट्या चाचणीत चालतं, खऱ्या ॲपमध्ये कधीही क्रॅश.

क्रिएट-इंडेक्स() ला दिलेला पायथॉन ऑब्जेक्ट इंडेक्स धरून ठेवत नाही, फक्त त्याचा पत्ता ठेवतो. तिथल्या तिथे बनवलेला ऑब्जेक्ट दिला असेल तर फंक्शन संपताच पायथॉन तो साफ करतो आणि इंडेक्सकडे रिकाम्या जागेचा पत्ता उरतो. पायसाइड आणि पायक्यूटी या पायथॉनमधून क्यूटी वापरण्याच्या दोन्ही लायब्ररींत हेच होतं. नोंदी मॉडेलच्या स्वतःच्या यादीत किंवा झाडात कायम ठेवा आणि तेच ऑब्जेक्ट द्या. सपाट यादी असेल तर पॉइंटर देऊच नका, मॉडेलच्या आत रो वरून नोंद शोधा. आणि स्क्रीनच्या कोडमध्ये इंटर्नल-पॉइंटर() कधीही बोलवू नका. प्रॉक्सीच्या इंडेक्समधला तो पॉइंटर प्रॉक्सीचा खासगी असतो, त्याला पुस्तक समजून वापरलं की क्रॅश ठरलेला.